लांबलेली आरती

“मंत्रपुष्पांजली नको, आणखी एक आरती घ्या!” हेमांगी माइकमधून स्टुडिओतल्या गुरुजींवर ओरडली.

‘नित्यदीप’ या भक्तिवाहिनीची ती निर्माती. हल्ली टीव्हीच समोर बसलेल्याच्या छातीतले ठोके टिपायचा; ठोके जितके जलद तितकी भक्ती आर्त मानायची, आणि भक्ती जितकी आर्त तितका जाहिरातीला भाव. डबघाईला आलेल्या वाहिनीवर आज पहिल्यांदाच पडद्यावर एका घरातल्या ठोक्यांची रेघ आभाळाला भिडली होती.

“कुणाचं घर?”

“नावं दिसत नाहीत, मॅडम,” तंत्रज्ञ म्हणाला. “पण गुरुजींचा घसा बसलाय.”

“बसू दे. चालू आरतीतून कुणी उठत नाही. रेघ उतरेपर्यंत थांबायचं नाही.”

आरतीमागून आरती होत गेली. मालकांनी पेढे मागवले. मग ती रेघ एकदम खाली आली आणि हेमांगीने गुरुजींना थांबायची खूण केली.

तेवढ्यात आईचा फोन आला.

“हेमा, बाबा गेले गं. आरतीत बसलो होतो आणि त्यांच्या छातीत कळ आली. देवाचा धावा करत होते मी. मंत्रपुष्पांजली झाली की डॉक्टरांना बोलावते म्हटलं, मध्येच उठायचं कसं? पण आज तुमच्या आरत्या काही संपेचनात.”