भिंतीवरचं लाल कार्ड

सकाळी सव्वानऊला सगळे भिंतीसमोर जमले, तेव्हा 'पूर्ण' या रकान्यात एक लाल कार्ड जास्तीचं होतं. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'ब्रेकच्या चाचणीचे आकडे खोटे आहेत.' खाली नाव नव्हतं.

यशोधनने ते दोनदा वाचलं.

अमेरिकेतल्या नोव्हाय शहरातल्या त्या ऑफिसात गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर बनायचं. प्रत्येक कामाचं भिंतीवर एक कार्ड. काम पुढे सरकलं की ज्याचं त्याने उठून ते पुढच्या रकान्यात लावायचं. टीम लीड प्रीताचा तसा हट्टच होता. "स्क्रीनवरचं कोणी वाचत नाही," ती म्हणायची. "भिंतीवरचं सगळ्यांना दिसतं."

आज आठही जणांना दिसलं होतं.

"हे कोणी लिहिलं?" प्रीताने विचारलं. "सोमवारी हे सॉफ्टवेअर गाड्यांमध्ये जाणार आहे. मला कळायला हवं."

यशोधनने हात खिशात घातले.

दुपारी पार्किंगमध्ये कुमारने त्याला गाठलं. सहा वर्षांपूर्वी नागपूरहून आल्यावर यशोधन महिनाभर याच कुमारच्या सोफ्यावर झोपला होता.

"यार, ते कार्ड मी लावलं," कुमार हळूच म्हणाला. "चाचणीच्या मशीनवरचे आकडे आणि रिपोर्टमधले आकडे जुळत नाहीत. कोणी बदलले कळत नाही, लॉगिन सगळ्यांचं एकच आहे."

"वेडा आहेस का? व्हिसाचं काय? अदितीवहिनीला सातवा महिना लागलाय."

"म्हणूनच नाव नाही घातलं. पण उद्या बर्फात एखादी गाडी थांबलीच नाही तर? कोणाला सांगू नकोस हां."

"नाही सांगणार." यशोधनने आजूबाजूला पाहिलं.

तीन वाजता प्रीताने एकेकाला आत बोलवायला सुरुवात केली. यशोधनचा नंबर शेवटचा. तोवर तो दोनदा तोंड धुऊन आला. कुमार बाहेर पडला आणि जाता जाता त्याचा खांदा दाबून गेला.

प्रीताने दार लावून घेतलं.

"सगळे म्हणतात, माहीत नाही. यशोधन, कार्ड लिहिणाऱ्याच्या केसालाही मी धक्का लागू देणार नाही. आकडे कोणी बदलले, तेवढं सांग. सकाळपासून बघतेय, तू घाबरलायस. कोणाला तरी पाठीशी घालतोयस ना?"

यशोधनने मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"कार्ड मी लावलं," तो म्हणाला. "आकडे कुमारने बदलले."

गेल्या गुरुवारी चाचणीतली गाडी तीनदा थांबली नाही, तेव्हा तिथे यशोधन एकटाच होता. आणि रिपोर्टमधले आकडे त्याने स्वतःच्या हाताने बदलले होते.