पंचांची अदा

हदगावच्या टेनिस बॉल स्पर्धेला गर्दी जमे ती पंच रेणुकादास सरांना पाहायला. चौकाराला ते लेझीम खेळल्यासारखे हात हलवीत. फलंदाज बाद झाला की गिरकी घेऊन, एका गुडघ्यावर बसून, बोट आभाळात खुपसत.

अंतिम सामन्यात फलंदाज गंधारच्या शेवटच्या जोडीला विजयासाठी दोनच धावा हव्या होत्या. त्याच्या बॅटला हुलकावणी देऊन चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात विसावला, झेलाचे अपील झाले आणि मैदानातले सगळे मोबाइल सरांवर रोखले गेले. सरांनी गिरकी घेतली. सामना संपला.

“सर, बॅट कुठं, बॉल कुठं. दिसलं न्हाई का तुम्हाला?” गंधारने विचारले.

“दिसलं की बाबा,” सर घाम पुसत म्हणाले.



“पण नॉटआऊट द्यायचं म्हणजे नुसतं उभं राहावं लागतंय.”