पंपाजवळचं समुद्रफूल

"ओढायचं नाही," दुकानदार म्हणाला. "काही झालं तरी ओढायचं नाही, वहिनी. त्याचा चिकटायचा तळवा फाटला की खेळ खलास."

"नाही ओढणार. पण ते अगदी पंपाजवळ जाऊन चिकटलंय. काल वीतभर लांब होतं."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. समुद्रफूल दिसतं फुलासारखं, पण आहे प्राणी. जागा पटली नाही की मुक्काम हलवतं. हिंडता हिंडता पाणी घुसळणाऱ्या पंपात शिरलं तर त्याचा कीस होतो आणि टाकीतलं सगळं पाणी नासतं. मग मासेही जातात.

हे तिला सांगायची गरज नव्हती. याच दुकानातून तिने ते निवडून नेलं होतं. तोंड घट्ट मिटलेलं, तळव्याला कुठे चीर नाही, आणि कोळंबीचा बारीक तुकडा पुढे धरताच गच्च पकडणारं. दुकानदार तेव्हा एक पिवळंजर्द गळ्यात मारायला बघत होता. "याला रंग दिलाय, हे महिनाभरही टिकायचं नाही," असं तिने सगळ्यांदेखत सुनावलं होतं. तेव्हापासून तो तिला जरा वचकूनच असायचा.

"उजेड बदललात का? उजेड बदलला की ते अस्वस्थ होतं."

"मी नाही. घरात वाटेल तेव्हा दिवा लावतात, वाटेल तेव्हा मालवतात."

"मग साहेबांना सांगा ना."

"त्यांना सांगायची सोय नाही. एकदा बोलून पाहिलं. मासेच तर आहेत, मेले तर मेले, म्हणाले."

तिच्या मनगटावर लाल वळ उठले होते. दुकानदाराचं तिकडे लक्ष गेलं, तशी तिने बाही खाली ओढली.

"वहिनी, राग मानू नका. घरी सगळं ठीक आहे ना?"

"जाळी द्या. मला उशीर होतोय."

त्याने पंपावर चढवायची स्पंजची जाळी काढून दिली. "आधी पंप बंद करा. मग बर्फाचा खडा पिशवीत घालून तळव्याच्या कडेला धरा. गार लागलं की ते आपणहून सोडतं. आणि हे बघा, कधीही फोन करा. माझी बायकोही असते दुकानात."

भला माणूस. पण त्याला काय सांगणार, आणि कुठून सुरुवात करणार? ती मान हलवून निघाली.

ती जिन्याने वर गेली. लिफ्टमध्ये कुणी ना कुणी भेटतं, आणि भेटलं की चौकशा होतात. कुलूप आवाज न करता उघडायची तिला सवय होती. चपला काढून तिने पिशवीत टाकल्या. रोज वाटायचं, आज आपलं काही खरं नाही.

सोफ्यावर छोटीची खेळणी पसरली होती. आवरायला हात शिवशिवत होते, पण तिने आवरली नाहीत. परवा न राहवून एक कप विसळून ठेवला होता आणि मग दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या होत्या. आपला हात लागलेला त्याच्या लक्षात येता कामा नये. तो यायच्या आत पाणी पुसून सगळं जसंच्या तसं दिसायला हवं.

टाकी भिंतीतच बसवलेली होती. आतली नारिंगी माशांची जोडी कोपऱ्यात दबून बसली होती. समुद्रफूल आक्रसून मुठीएवढं झालं होतं. त्याची पाकळ्यांसारखी दोन बोटं पंपाच्या फटीत ओढली जात होती. तिने झटकन पंप बंद केला आणि फ्रीजमधून बर्फ काढला.

"सोड गं बाई," ती पुटपुटली. "एवढं ऐक माझं. मला जास्त वेळ नाही."

ते कसलं ऐकतंय! कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ती उभी राहिली. मनगटावर पुन्हा त्याच्या बोटांचा चटका बसला. बऱ्याच वेळाने तळव्याची एक कड सुटली. मग दुसरी सुटली. बोटांखाली ते जरासं सैल झालं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात खाली गाडीचं दार वाजलं. तिने खिडकीतून डोकावून पाहिलं. त्याचीच गाडी होती. इतक्या लवकर तो कधीच येत नसे.

आत्ता पळाली असती तर जिन्याने सुटली असती. पण जाळी चढवायची राहिली होती. तो आल्या आल्या पंप चालू करणार, म्हणजे सगळं संपलंच. घाईत स्पंज निसटून तळाशी गेला. तिने तो काढला आणि पुन्हा लावला. सुटलेलं समुद्रफूल दगडाच्या खाचेत अलगद टेकवलं. ते लगेच चिकटलं. डोळ्यांत पाणी आलं, पण रडायलाही फुरसत नव्हती. लिफ्ट येऊन थांबली होती.

ती पिशवी उचलून स्वयंपाकघराच्या दारामागे शिरली. हातावरून पाणी ठिबकत होतं; टाकीपासून फरशीवर थेंबांची रांग पडली होती. श्वास धरला तरी आवाज येतोय असं वाटत होतं. किल्ली फिरली, दार उघडलं, आणि पावलं उंबऱ्यातच थबकली.

"आत येऊ नकोस," तो दबक्या आवाजात म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. "छोटीला घेऊन शेजारी जा. आजही कुणीतरी आलंय."

"घर घेतलं तेव्हापासून सांगतेय तुम्हाला," बाहेरून एक बाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "आधीच्या मालकिणीकडे किल्ली राहिली असणार, कुलूप बदला म्हणून."