गाळलेलं पान

लालबागच्या चाळीत, गणपतीच्या मांडवात आकांक्षा पणजोबांची गाजलेली कादंबरी वाचून दाखवत होती. त्यातला संप फोडणारा फितूर म्हणजे पूर्वी समोरच्या खोलीत राहणारा धोंडू, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक. कादंबरी छापून आली तेव्हापासून दोन्ही घरांत मोदकाची ताटलीही फिरली नव्हती. आज धोंडूची म्हातारी लेक मालन पहिल्याच रांगेत येऊन बसली. धोंडूचं पान आलं तसं आकांक्षाने ते गुपचूप उलटलं.

मालनआजी काठी टेकत उठली.

“ता पान कित्याक गाळलंस गो?”

“आजी, त्यात तुमच्या बाबांबद्दल फार वाईट लिहिलंय.”

“आयकलंय मी. पण ते हसायचे कसे, चालायचे कसे, तेही लिहिलंय ना? वाच. मी पोटात असताना गेले ते. घरात एक फोटोसुद्धा नाही.”