भालकीची गाडी

तीनशे बारा पानं संगणकावर उतरवून झाली होती. एकच राहिलं होतं, आणि अमरदीपचा हात नेमका तिथं अडला होता.

औरादच्या शिवय्या सरांची ‘मतदार कट्टा’ ही वेबसाइट आज संध्याकाळी सहाला बंद होणार होती. मताचा हक्क, निवडणुकीतल्या सुधारणा, यांवर बारा वर्षं तिथं लोक हमरीतुमरीवर आले होते. सर आता थकले होते. साइट जपून ठेवायचं काम त्यांनी नौबादला राहणाऱ्या या जुन्या विद्यार्थ्यावर सोपवलं, एका अटीवर. “पान घ्यायचं तर आख्खं घे. कापाकापी करायची न्हाई.”

साडेपाच झाले. अमरदीप दोनदा उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. त्या पानावरचा वाद होता, अडाण्यांना मत असावं का. दहा वर्षांपूर्वी, कॉलेजात शिंगं फुटलेली असताना, ‘जागरूक नागरिक’ या नावाआड त्यानंच लिहिलं होतं, ‘उदगीरला जायचं म्हणून जी बाई भालकीच्या गाडीत बसते, ती सरकार काय निवडणार?’ लिहून मोकळा झाला, पुन्हा ते पान उघडलं नाही. आज वाचताना त्याला स्वतःची किळस आली.

मागं संतपूरहून त्याच्याकडं राहायला आलेली त्याची आई, विमलबाई, सुपात डाळ निवडत बसली होती. “कामून चुळबुळ करायलास?”

“एक पान सोडून द्यावं म्हणतो, आई. कामाचं न्हाई.”

बोलता बोलता तो पान खाली सरकवत गेला. बाजाराच्या दिवशी सर मोबाईल घेऊन बसत आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं बोलणं जसंच्या तसं साइटवर टाकत. तसंच एक उत्तर त्याच्या मजकुराखाली होतं.

‘विमलबाई, संतपूर. चुकीच्या गाडीत बसलेली बाई पुढच्या फाट्याला उतरती अन् बरोबर गाडी धरती. मत म्हंजे दुसरं काय असतंय, लेकरा?’

अमरदीपनं ते नाव पुन्हा एकदा वाचलं. सहाला चार मिनिटं होती. त्यानं पान उतरवून घेतलं, आख्खं. मग मागं न बघताच विचारलं, “आई, बाजारात सरांनी तुला एकाचं लिहिलेलं वाचून दाखवलं होतं ना? ते कुणाचं होतं, सांगितलं का?”

“सांगायचं काय त्यात?” विमलबाईंनी डाळीतला खडा वेचून बाजूला टाकला. “मी भालकीच्या गाडीत बसले व्हते, हे आपल्या घराबाहेर कुणाला ठावं व्हतं?”