थोरल्याचं घर

वडिलांना मूठमाती देऊन होते न होते तोच आघामा भावकीसमोर उभा राहिला. दहा वर्षं युरोपातल्या क्लबांकडून फुटबॉल खेळून आलेला. बेनिन सिटीत त्याला कोण अडवणार?

"बापाचं घर थोरल्या मुलाचं. इदाहोसा, तुझं शिलाई मशीन उचल आणि चालू लाग. लोकांच्या फाटक्या चड्ड्या शिवणाऱ्याला घर कशाला?"

बापाचं दुखणं एकट्यानं काढलेला, आघामाहून चार वर्षांनी धाकटा इदाहोसा मशीनवर झाकण घालू लागला.

"आघामा, घर तुझ्या नावावर लिहितो. पासपोर्ट दे," भावकीतला सर्वांत वडीलधारा म्हातारा म्हणाला. त्यानं जन्मसाल मोठ्यानं वाचलं आणि बाजूला पचकन थुंकला.

"क्लबात शिरायला वय सात वर्षांनी कमी केलंस ना रे? मग टेक गुडघे इदाहोसापुढे. हा तुझा थोरला भाऊ."