येते म्हणावं

मुलीला आपलंसं वाटेल असं विद्यापीठ शोधता शोधता बापलेकीचे बूट झिजले. पहिल्या ठिकाणी पहारेकऱ्याने हटकलं, दुसरीकडे कारकुनाने मानही वर केली नाही. इथे मात्र वसतिगृहाच्या मावशींनी प्रेमाने खोली उघडली. "बूट बाहेर काढ, बाळ. या घाल." उंबऱ्याशी ठेवलेल्या सपाता मुलीच्या पायात मापून शिवल्यासारख्या बसल्या. बाबा खूश. "बघ, याला म्हणतात आपलेपणा," म्हणत ते शेजारची खोली बघायला गेले. मुलीने विचारलं, "शिकून गेलेल्या मुली भेटायला येतात का हो?" मावशी हसल्या. "गेल्या तर येतील ना." मुलगी दाराकडे वळली. घरचं वळण मोडून ती म्हणाली, "मावशी, जाते मी." "जाते म्हणू नये, बाळ. येते म्हणावं." उंबऱ्याबाहेर तिचे बूट नव्हते. "बाबा, चला," तिने हाक मारली. शेजारच्या खोलीतून बाबा खुशीत म्हणाले, "अगं, इथे माझ्याही मापाच्या सपाता आहेत."